समजेल असा मेसेज, वापरता येईल असा फोन



या वेळी आरोग्य पानाची सुरुवात आम्ही आमच्याच चुकीपासून करतो. मागच्या उन्हाळ्यात वस्तीतल्या विहारात आम्ही शुगर आणि बीपी तपासणीचे शिबिर ठेवले होते. शिबिर रविवारी होते. मंगळवारी आम्ही व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर मेसेज टाकला. तो असा होता :

"सर्व धम्मबांधव व भगिनींना कळविण्यात अत्यंत आनंद होत आहे की, वस्तीतील बांधवांच्या आरोग्याच्या दृष्टिकोनातून येत्या रविवारी विहारात मधुमेह व रक्तदाब तपासणी शिबिर आयोजित करण्यात आले असून, तपासणीस येणाऱ्यांनी शनिवारी रात्री दहानंतर काहीही न खाता उपाशीपोटी सकाळी आठ ते दहा या वेळेत उपस्थित राहावे व शुगरच्या गोळ्यांबाबत सिस्टरांशी संपर्क साधावा, ही नम्र विनंती."

पुढे फुलांची, हात जोडल्याची दहा चित्रे होती.

शनिवारी दुपारी एका घरून फोन आला. त्या घरातल्या काकांना दोन वर्षांपूर्वी पक्षाघात झाला होता. आता ते चालतात, बोलतात, चौकातून दूध आणतात. शाळा दहावीपर्यंत झालेली, वाचता उत्तम येते. सून घाबरून सांगत होती, "ताई, बाबाले घाम सुटून राहिला, हात थरथरून राहिले, काही तं बी बोलून राहिले." आम्ही धावत गेलो. शुगर ४८ निघाली. काकांनी सकाळी शुगरची गोळी घेतली होती आणि पोटात अन्नाचा कण नव्हता. शुद्धीवर होते म्हणून लगेच साखरपाणी पाजले, मग खाऊ घातले, आणि गोळीचा असर पुन्हा शुगर उतरवू शकतो म्हणून दवाखान्यात नेले. जीव वाचला.

संध्याकाळी आम्ही त्यांना थोडे रागावूनच विचारले, "काका, गोळी घेऊन उपाशी काहून राहिले?"

काका म्हणाले, "तुम्हीच तं लिवलं होतं ना ताई. शनिवारी खाऊ नका म्हणून."

मेसेज उघडून आम्ही पुन्हा वाचला. 'शनिवारी' होते, 'काहीही न खाता' होते, 'उपाशीपोटी' होते. काकांनी एक वाक्य चार वेळा वाचले आणि त्यातून हाताला लागले तेवढे शब्द धरले. आम्ही पंचवीस वर्षे रुग्णांना सूचना देत आलो, आणि आमच्याच एका वाक्याने माणूस जायची वेळ आली होती. त्या दिवसापासून आम्ही हा विषय शिकायला घेतला. जे शिकलो ते तुमच्यापुढे ठेवत आहोत.

ही अडचण कोणाकोणाला असते?

डोळ्यांना दिसत नाही, कानांना ऐकू येत नाही, पाय चालत नाही, हे आपल्याला लगेच कळते. पण वाचलेले नीट न समजणे, लक्षात न राहणे, लक्ष न टिकणे, कामाचा क्रम चुकणे, ही आकलनाची अडचण बाहेरून दिसत नाही. म्हणून अशा माणसाला आपण "लक्ष देत नाही", "येडा झाला", "सोंग करते" असे म्हणतो. वस्तीत अशी माणसे घराघरांत आहेत.

पक्षाघातानंतर किंवा अपघातात डोक्याला मार लागल्यावर अनेकांना लांब वाक्य समजत नाही, बोलायला शब्द सापडत नाहीत. म्हातारपणी स्मृतिभ्रंश झालेल्या आजीला जुने सगळे आठवते, पण पाच मिनिटांपूर्वीचे आठवत नाही. जन्मापासून बौद्धिक अक्षमता असलेली मुले असतात. ऑटिझम असलेल्या मुलांना एकाच वेळी आवाज, रंग आणि हलती चित्रे सहन होत नाहीत. अध्ययन अक्षमता असलेली मुले हुशार असतात, पण अक्षरांत अडखळतात. मानसिक आजारात आणि त्याच्या काही गोळ्यांच्या गुंगीतही लक्ष टिकत नाही.

विदर्भात आणि आपल्या समाजात सिकलसेलचे रुग्ण पुष्कळ आहेत. या आजारात सांधे दुखतात, रक्त कमी होते, हे आपल्याला ठाऊक आहे. पण वाकड्या पेशी मेंदूच्या लहान रक्तवाहिन्यांतही अडकू शकतात. काही मुलांच्या मेंदूला त्यामुळे अशी बारीक इजा होते की हात-पाय लुळे पडत नाहीत, कोणाला काही दिसत नाही, पण लक्ष आणि स्मरण कमी होते. शाळेत मागे पडणारे सिकलसेलचे मूल आळशीच असेल असे समजू नका. डॉक्टरांना ही गोष्ट आवर्जून सांगा.

आणि ही अडचण तुम्हाला-आम्हालाही येते. तापात, चार रात्री झोप नसताना, घरात मयत झाली असताना, आपल्यालाही साधा फॉर्म भरता येत नाही. त्यांची अडचण रोजची असते, एवढाच फरक.

फोन नेमके काय मागतो?

डोक्यात एक छोटी पाटी आहे असे समजा. आत्ता लागणाऱ्या गोष्टी आपण तिच्यावर लिहितो आणि काम झाले की पुसतो. निरोगी माणसाच्या पाटीवरही थोड्याच गोष्टी मावतात. पक्षाघात, स्मृतिभ्रंश किंवा बौद्धिक अक्षमता असलेल्या माणसाची पाटी आणखी लहान असते आणि लवकर पुसली जाते.

आता ओटीपीचे काम पाहा. फॉर्म उघडा. आधार नंबर टाका. वाकडी-तिकडी अक्षरे ओळखून चौकटीत लिहा. मग फॉर्म सोडून मेसेजमध्ये जा. सहा आकडे वाचा. ते डोक्यात धरून परत फॉर्मवर या. आकडे टाका. तोवर वर सेकंद उलटे मोजले जात असतात. वेळ संपली की सगळे पुन्हा पहिल्यापासून. आपल्याला हे मिनिटाचे काम वाटते. लहान पाटीच्या माणसाला हा डोंगर आहे.

आणि या डोंगरापलीकडे काय आहे? अपंगत्वाचे यूडीआयडी कार्ड आहे. निराधार योजनेचे पैसे आहेत. रेशनची केवायसी, बँकेची केवायसी, दवाखान्याचा नंबर आहे. फॉर्म समजला नाही म्हणून अर्ज अर्धवट राहतो, मग पैसे थांबतात, आणि शेवटी माणूस म्हणतो, "जाऊ द्या, आपल्या नशिबात नाही." हा नशिबाचा प्रश्नच नाही. तो फॉर्म दुसऱ्या रीतीने बनवता येतो.

चुल्लपंथकाची आठवण

विहारात चुल्लपंथक भिक्खूची गोष्ट अनेकांनी ऐकली असेल. चार महिने झाले तरी त्याला एक गाथा पाठ होईना. त्याचा थोरला भाऊ महापंथक हाही भिक्खू होता, आणि विद्वान होता. तो म्हणाला, तुला जमणार नाही, तू संघातून निघून जा. चुल्लपंथक रडत निघाला. तथागतांनी त्याला थांबवले. पुन्हा तीच गाथा घोकायला लावली नाही. एक स्वच्छ कापडाचा तुकडा दिला, तो हाताने चोळत राहा म्हणाले, आणि म्हणायला एकच शब्द दिला. चोळता चोळता कापड मळत गेले, आणि सगळे बदलणारे आहे, ही गोष्ट त्याला हातातल्या कापडातून कळली.

माणूस तोच, धम्मही तोच. शिकवण्याची रीत तेवढी बदलली. महापंथकाने जे केले तेच आज आपले फॉर्म, आपले ॲप आणि आपले ग्रुप करतात. ज्याला जमत नाही त्याला बाहेर काढतात.

कायदा काय म्हणतो?

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मध्ये झाला. त्यात २१ प्रकारची अपंगत्वे मानली आहेत. त्यांत बौद्धिक अक्षमता, ऑटिझम, विशिष्ट अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि सिकलसेलही आहेत. या कायद्यात 'संवाद' कशाला म्हणायचे याची व्याख्या आहे. तिच्यात ब्रेल आणि खुणांची भाषा आहे, तसेच मोठी अक्षरे, आवाज, चित्रे आणि सोपी भाषाही आहे. म्हणजे सोपी भाषा ही कोणाची मेहेरबानी नाही. ती कायद्यात लिहिलेली आहे. छापील असो की मोबाईलवरचा, मजकूर सर्वांना वापरता येईल असा असावा यासाठी शासनाने उपाय करावेत, असे कलम ४२ सांगते.

८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी यांच्या खटल्यात सांगितले की, सुलभतेचे नियम नुसते शिफारशीसारखे ठेवून चालणार नाहीत, सर्वांवर बंधनकारक असे किमान नियम करावे लागतील. ३० एप्रिल २०२५ रोजी याच न्यायालयाचा आणखी एक निकाल आला. मोबाईलवरच्या केवायसीत डोळे मिचकवा, चेहरा फिरवा असे सांगतात. ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या भगिनी आणि दृष्टिहीन व्यक्ती यांना ते जमत नव्हते, म्हणून ते न्यायालयात गेले होते. न्यायालयाने म्हटले की डिजिटल सेवांपर्यंत पोचणे हा संविधानाच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, आणि २० निर्देश दिले. बाबासाहेबांनी दिलेल्या संविधानातले हे कलम आता आपल्या हातातल्या फोनपर्यंत आले आहे.

जगातही यावर बरेच काम झाले आहे. स्वीडनमध्ये १९८४ पासून 'आठ पाने' अशा अर्थाच्या नावाचे बातमीपत्र निघते. त्यात देशाच्या सगळ्या बातम्या सोप्या भाषेत असतात. इंटरनेटचे नियम ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या जागतिक संस्थेने २०२१ मध्ये आकलनाची अडचण असलेल्या लोकांसाठी मजकूर कसा असावा, याची वेगळी पुस्तिकाच काढली. २०२३ मध्ये तिने आपले नियम आणखी सुधारले. एकदा भरलेली माहिती त्याच कामात पुन्हा भरायला लावू नका. मदतीचे बटण प्रत्येक पानावर एकाच जागी ठेवा. आत शिरताना पासवर्ड आठवणे किंवा कोडे सोडवणे हा एकच रस्ता ठेवू नका. असे ते नियम आहेत. म्हणजे ओटीपीचा डोंगर कमी करता येतो, हे जगाने मान्य केले आहे.

आपण आजच काय करू शकतो?

सरकारी ॲप आपण बनवत नाही. पण मेसेज आपण रोज बनवतो. विहाराचा, महिला मंडळाचा, शिबिराचा, लसीकरणाचा मेसेज आपल्याच मुली-मुलांच्या हातचा असतो. काकांच्या प्रसंगानंतर आम्ही आमचा मेसेज नव्याने लिहिला. तो आधी काकांनाच वाचायला दिला आणि विचारले, "काका, आता तुम्ही काय कराल ते आम्हाले सांगा." नर्सिंगमध्ये ही जुनी पद्धत आहे. "समजले का?" असे विचारले की रुग्ण मान हलवतो. "काय कराल ते सांगा" म्हटले की खरे काय ते कळते.

काकांनी सगळे बरोबर सांगितले. मग थांबून म्हणाले, "पण हा रविवार कोणता? आजचा का पुढचा?" आम्ही तारीख टाकायलाच विसरलो होतो. त्यांच्यामुळे ती आली. शेवटी मेसेज असा झाला :

जयभीम.
विहारात शुगरची तपासणी आहे.
दिवस : रविवार, १२ तारीख.
वेळ : सकाळी ८.
शनिवारी दिवसभर नेहमीसारखे जेवा.
शनिवारी रात्री ९ वाजता जेवा.
त्यानंतर फक्त पाणी प्या.
रविवारी सकाळी काही न खाता या.
रविवारी सकाळची शुगरची गोळी घरी घेऊ नका. सोबत आणा.
तपासणी झाली की आम्ही नाश्ता देऊ. मग गोळी घ्या.
इन्सुलिन घेत असाल तर आधी फोन करा.

खाली एकच फोन नंबर दिला. सोबत हाच मजकूर सावकाश बोललेला, एका मिनिटाच्या आतला आवाज पाठवला. त्या शिबिरात फक्त काकाच नाहीत, बाकीचे लोकही वेळेवर आणि बरोबर आले. सोपे लिहिल्याने शिकलेल्या माणसाचे काही जात नाही.

यातून आम्ही काही नियम बांधले आहेत. ते विहाराच्या फलकावर लावायला हरकत नाही.

१. एका मेसेजमध्ये एकच काम सांगा. शिबिर, वर्गणी आणि अभिनंदन एकत्र करू नका.
२. एका ओळीत एकच गोष्ट. ओळ छोटी ठेवा.
३. जे सर्वांत महत्त्वाचे ते सर्वांत वर. शुभेच्छा शेवटी.
४. वार आणि तारीख दोन्ही लिहा. 'येत्या', 'परवा' असे लिहू नका.
५. काय करायचे ते सरळ सांगा. 'उपस्थित राहावे' ऐवजी 'या' लिहा. 'संपर्क साधावा' ऐवजी 'फोन करा' लिहा.
६. चित्र एकच टाका, आणि ते कामाचे असू द्या. हलती, चमकणारी चित्रे नकोत. चित्रावर बारीक अक्षरे छापू नका.
७. एकच शब्द शेवटपर्यंत वापरा. एकदा 'मधुमेह', एकदा 'शुगर', एकदा 'डायबिटीस' असे केले की तीन आजार वाटतात.
८. पाठवण्याआधी अडचण असलेल्या एका तरी माणसाला दाखवा. त्याने सुचवलेला बदल करा.

आठवा नियम सर्वांत मोठा आहे. युरोपात सोप्या भाषेचे जे निकष केले आहेत, त्यांतही बौद्धिक अक्षमता असलेल्या व्यक्तीने मजकूर तपासला पाहिजे अशी अट आहे. आपल्यासाठी लिहिलेले आपल्याला विचारून लिहा, हे आपल्या चळवळीला वेगळे शिकवावे लागत नाही.

घरातला फोन कसा लावून द्यावा?

पहिल्या पानावर चार-पाचच चित्रे ठेवा, बाकीचे ॲप आत टाका. काही फोनमध्ये 'इझी मोड' असतो, तो चालू करा. सेटिंगमधून अक्षरे मोठी करा. सतत वाजणाऱ्या सूचना बंद करा, कारण प्रत्येक आवाजाला पाटी पुसली जाते. घरच्यांच्या नंबरांना त्यांचे फोटो लावा. बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये 'ॲक्सेसिबिलिटी' या भागात 'सिलेक्ट टू स्पीक' ही सोय असते. ती चालू केली की लिहिलेले वाचून दाखवले जाते. औषधाच्या वेळेचा अलार्म लावा. एकदा लावलेली मांडणी मात्र पुन्हा पुन्हा बदलू नका. सवयीवरच त्यांचे काम चालते.

मदत करताना हातातून फोन हिसकावू नका. आधी विचारा, "मी मदत करू का?" आपण वाचून दाखवावे आणि बटण त्यांनाच दाबू द्यावे. वेळ लागेल. लागू द्या. आपण सगळे करून टाकले की पुढच्या वेळी ते फोनला हातच लावत नाहीत.

पैशाच्या बाबतीत एक नियम घरात पक्का करा. ओटीपी आणि पिन फोनवर कोणालाही सांगायचा नाही, बँकेचे नाव सांगितले तरी नाही. फोनच्या कव्हरमागे पिन लिहून ठेवू नका. यूपीआय जोडलेल्या खात्यात थोडेच पैसे ठेवा. फसवणूक झाली तर लगेच १९३० या नंबरवर फोन करा. जितका उशीर, तितके पैसे परत मिळणे अवघड. आणि फसलेल्या माणसाला रागावू नका. रागावले की पुढच्या वेळी तो लपवतो.

अचानक समजेनासे झाले तर

कालपर्यंत ठीक असलेल्या माणसाला अचानक बोललेले समजेना, बोलता येईना, तोंड वाकडे झाले, एक हात खाली पडू लागला, तर तो पक्षाघात असू शकतो. १०८ ला फोन करा. किती वाजता सुरू झाले ते लिहून ठेवा, पहिले काही तास फार मोलाचे असतात. तोंडात पाणी किंवा गोळी टाकू नका. मधुमेहाच्या रुग्णाला घाम, थरथर आणि गोंधळ असेल, तो शुद्धीवर असेल आणि गिळू शकत असेल, तर साखरपाणी द्या. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, थेट दवाखान्यात न्या. विसरभोळेपणा हळूहळू वाढत असेल तर "वय झाले" म्हणून सोडू नका. थायरॉइड, बी-१२ ची कमतरता, मनाची उदासी यांमुळेही असे होते, आणि त्यांवर उपचार आहेत. मनाच्या त्रासासाठी १४४१६ हा टेली-मानसचा मोफत नंबर आहे.

दाद कुठे मागायची?

एखादा सरकारी फॉर्म किंवा ॲप तुमच्या घरातल्या माणसाला वापरता येत नसेल, तर तोंडी भांडू नका. कोणत्या पानावर, कोणत्या पायरीला अडले, ते लिहा. पानाचा फोटो काढा. अर्जात २०१६ च्या कायद्याचे नाव घाला, कागदावर किंवा माणसाच्या मदतीने काम करून द्या अशी मागणी करा, आणि अर्जाची पोच घ्या. केंद्र सरकारच्या 'सुगम्य भारत' ॲपवर फोटोसह तक्रार करता येते. राज्याचे दिव्यांग आयुक्त पुण्यात आहेत, त्यांच्याकडेही लेखी तक्रार जाते. मुलाच्या किंवा मोठ्या माणसाच्या अडचणीची तपासणी आणि मार्गदर्शन हवे असेल, तर आपल्या नागपुरातच दिव्यांगांसाठी केंद्र सरकारचे संयुक्त क्षेत्रीय केंद्र, म्हणजे सीआरसी, आहे.

काका आता आमच्या ग्रुपचे तपासनीस आहेत. कोणताही मेसेज आधी त्यांच्याकडे जातो. मागच्या आठवड्यात त्यांनी एक परत पाठवला आणि आवाजात निरोप दिला, "ताई, लय लांब झाला. अर्धा काढा."

आम्ही अर्धा काढला.